सेकंड हँड गाडी घेताय? आधी विचारा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती कुठं उभी होती

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना आणि एसटीत रेंज नाही म्हणून हे वाचत बसलेल्यांना, दोघांनाही रामराम. आजच्या भागाचा विषय जुनी चारचाकी घेण्याचा आहे. पहिली गाडी, बजेट तीन-चार लाख, आणि त्यातले निम्मे पैसे बहुतेक वेळा घरच्यांचे. कुणाच्या वडिलांची एफडी मोडलेली असते, तर कुणाचं उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं असतं. हे पैसे चुकीच्या गाडीत गेले तर ते परत उभे करायला दोन-तीन हंगाम जातात. म्हणून हा भाग जरा सविस्तर घेतोय.

मी साताऱ्यात राहतो, आजोळ सांगलीचं. मित्र, मावसभाऊ, शेजारी, सगळ्यांबरोबर दोन्ही जिल्ह्यांत गाड्या बघत फिरलोय. मी मेकॅनिक नाही, पण इतक्या गाड्या बघून एक गोष्ट पक्की कळली. आपण गाडी बघायला जातो तेव्हा तिचं आजचं रूप बघतो. पॉलिश, सीट कव्हर, टचस्क्रीन. खरं बघायचं असतं ते तिचं मागचं आयुष्य. ती कुठं उभी होती, किती पळाली आणि कुणाच्या नावावर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचं सोपं आहे. पहिला प्रश्न आपल्या भागात सगळ्यात मोठा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गाडी पाण्यात होती का?

सांगलीकरांना हे सांगायला नको, पण साताऱ्या-पुण्याच्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, सांगलवाडी, सगळीकडं पाणी. बरं, ते आलं आणि गेलं असं नाही, कित्येक दिवस तसंच उभं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. त्याच जुलैच्या २२ तारखेला चिपळूण बुडालं. आणि चिपळूण आपल्याला लांब नाही, कुंभार्ली घाट चढला की पाटण, पुढं कराड.

आता विचार करा, माणसं जीव वाचवून बाहेर पडली, गाड्या मात्र पार्किंगमध्ये राहिल्या. त्या गाड्यांचं पुढं काय झालं? काही भंगारात गेल्या. काही मालकांनी धुऊन, सुकवून, दुरुस्त करून स्वतःच वापरल्या, त्यात गैर काहीच नाही. आणि काही बाजारात आल्या. त्या एमएच १० पासिंगच्याच असतील असंही नाही. कोल्हापूरची एमएच ०९ असेल, रत्नागिरीची एमएच ०८ असेल. शिवाय पूर सांगलीत आला तरी गाडी विकायला साताऱ्यात उभी असू शकते. नुसत्या नंबर प्लेटवरून काही कळत नाही.

"अहो, इतकी वर्षं झाली, चालतीय ना गाडी?" हा प्रश्न विक्रेता हमखास विचारतो. उत्तर असं आहे की इंजिन उघडून साफ करता येतं, पण आजच्या गाडीत इंजिनाइतकंच महत्त्वाचं असतं वायरिंग. डॅशबोर्डच्या आत, कार्पेटच्या खाली, सीटखाली वायरींचे जुडगे आणि कनेक्टर असतात. गढूळ पाणी त्यात शिरलं की तांब्यावर हिरवट गंज चढतो, आणि तो हळूहळू वाढतो. मग पावसाळ्यात एक दिवस काच खाली होत नाही, दुसऱ्या दिवशी सेन्सर चुकीचं सांगतो, गॅरेजवाला एक दुरुस्त करतो तर दुसरं निघतं. हे झालं खर्चाचं. खरी भीती एअरबॅगची आहे. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारं युनिट बऱ्याच गाड्यांत खाली, मधल्या बोगद्यावर बसवलेलं असतं. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर ते बुडालेलंच. आणि ते नीट काम करतं का, हे धडक झाल्याशिवाय कळत नाही. म्हणजे पैशाचा प्रश्न आहेच, पण घरच्यांना ज्या गाडीत बसवायचंय तिचाही प्रश्न आहे.

हातानं तपासायच्या जागा

यासाठी मशीन लागत नाही. मोबाईलचा टॉर्च आणि दहा मिनिटं पुरतात.

सीट बेल्ट घ्या आणि हळूहळू शेवटपर्यंत ओढा. झटका दिला तर तो अडकतो, म्हणून सावकाश. बेल्टचा जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही, तिथं मातकट डाग किंवा पाण्याची रेघ दिसते का बघा. सीट कव्हर बदलतात, कार्पेट बदलतात, बेल्ट बदलायचं फार कमी जणांच्या डोक्यात येतं.

मग खाली वाका. सीट ज्या रुळावर पुढं-मागं सरकते तो रूळ आणि सीटखालचे बोल्ट बघा. गाडीच्या आत, कोरड्या जागी लोखंडाला दाट गंज का यावा? डिकी उघडा, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात, कोपऱ्यात, जोडाच्या फटीत बारीक सुकलेला गाळ आहे का बघा. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारा. फ्यूज बॉक्स उघडून बघा. हेडलाइटच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ किंवा धूसरपणा शोधा.

वासावर विश्वास ठेवा. सगळ्या काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, मग एसी लावा. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर सावध. आणि उलटंही आहे. आठ वर्षांच्या गाडीत परफ्यूमचा भडिमार, नवंकोरं कार्पेट, नवी सीट कव्हरं एकदम दिसली, तर सगळं एकाच वेळी का बदललं हे विचारा. उत्तर साधं असू शकतं, पण प्रश्न विचारायलाच हवा.

शेवटी किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर एअरबॅगचा, एबीएसचा, इंजिनचा दिवा पेटला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर ते विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे. पण दिवा पेटलाच नाही तर जास्त वाईट, कारण मग तो कुणीतरी काढून टाकलेला असू शकतो.

विम्याचा जुना कागद काय सांगतो

ही गोष्ट फार कमी जण करतात, म्हणून सांगतो. विक्रेत्याकडून फक्त चालू पॉलिसी घेऊ नका, मागच्या तीन-चार वर्षांच्या मागा. त्यांच्यात एनसीबी नावाचा एक आकडा असतो. म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होते, मग २५, ३५, ४५, आणि जास्तीत जास्त ५०. एकदा क्लेम घेतला की सहसा परत शून्य.

आता समजा, गाडी २०१६ च्या जूनमध्ये नवी घेतलीय. एकाही वर्षी क्लेम नसेल तर २०१९ च्या जूनच्या पॉलिसीत ३५ टक्के दिसेल आणि २०२० च्या पॉलिसीत ४५. पण २०२० च्या पॉलिसीत शून्य दिसलं, तर मधल्या वर्षात काहीतरी झालं. त्या वर्षात २०१९ चा ऑगस्ट येतो. लगेच "पुरातली गाडी" असा शिक्का मारू नका. साधा अपघात असेल. पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल. किंवा मालक बदलला असेल, कारण हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पण आता तुमच्याकडं नेमका प्रश्न आहे आणि नेमकं वर्ष आहे.

याच संदर्भात आणखी एक शब्द लक्षात ठेवा, टोटल लॉस. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर विमा कंपनी दुरुस्तीऐवजी गाडीच निकामी धरते आणि भरपाई देते. उरलेली गाडी भंगार म्हणून विकली जाते. ती कुणीतरी घेतं, स्वस्तात उभी करतं आणि ती परत रस्त्यावर येऊ शकते. बाजारभावापेक्षा लाखभरानं स्वस्त गाडी दिसली की हा रस्ता आठवा.

आणि एक अडचणीची बाब. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यांना पुराची भरपाई मिळालीच नाही. त्यांच्या गाडीचा क्लेमही कुठं नोंदलेला नाही. अशा गाडीत कागद गप्प बसतो. तिथं सीट बेल्ट आणि स्टेपनीचा खड्डाच बोलतो.

मीटर किती खरं?

दुसरा प्रश्न, गाडी किती पळाली. "सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, ४२ हजार रनिंग." हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी ऐकाल. मीटर मागं फिरवता येतो, डिजिटल असला तरी. म्हणून मीटर सोडून बाकीचं बघा.

ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय? स्टिअरिंग गुळगुळीत होऊन चमकतंय का? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का? ४२ हजार किलोमीटरला पेडल गुळगुळीत होत नाही. मग टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. गाडी २०१८ ची, मीटरवर ३० हजार, आणि चारही टायर २०२२ चे? इतक्या लवकर टायर का बदलावे लागले, विचारा. उलट सगळे टायर पहिलेच, सात-आठ वर्षांचे असतील तर रबर कडक झालेलं असतं. नक्षी चांगली दिसली तरी चार टायरांचा खर्च किमतीतून वजा करा.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद. दर सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. विक्रेत्याला सोबत घेऊन जा, तिथं गाडीच्या नंबरवरून माहिती मागा. २०२१ ला ७० हजार आणि आज ४२ हजार, असं निघालं तर पुढं बोलण्यासारखं काही उरत नाही. आणि विक्रेता सर्व्हिस सेंटरला यायलाच तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

चालवून बघा, पण चढावर

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करू नका. गेल्या-गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू केलेली आहे. थंड इंजिन चालू होताना जे आवाज आणि धूर येतात तेच महत्त्वाचे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येणं साधं आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय का ते तपासायला हवं. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी तिथंच सोडा.

सांगलीची अडचण अशी की गाव सपाट. सपाट रस्त्यावर थकलेला क्लचही चांगला वाटतो. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट चढा, कासच्या रस्त्याला. सांगली-मिरजेकडून दंडोबाच्या डोंगराकडं न्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच सरकतोय, खर्च आला. उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का बघा. रस्ता मोकळा असेल तिथं गाणी बंद, एसी बंद, काचा खाली, आणि नुसतं ऐका.

यानंतर तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे. त्याला दोनच गोष्टी नक्की करायला सांगा. गाडी वर उचलून खालून बघायची आणि स्कॅनर लावून एरर कोड वाचायचे. मिस्त्रीचे पैसे द्यायला कंजूषपणा करू नका. चार लाखांच्या व्यवहारात तो सगळ्यात स्वस्त सल्ला आहे.

नाव कुणाचं?

तिसरा प्रश्न. आरसीवर नाव आहे तोच माणूस समोर बसलाय का? आपल्याकडं गाडी तीन हातांतून जाते आणि आरसीवर पहिल्याचंच नाव राहतं. "टीटी फॉर्मवर सही घेऊन ठेवलीय, काळजी नको" असं सांगतात. काळजी करा.

सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये असंच एक प्रकरण निकाली काढलं. गाडी एकामागून एक विकली गेली होती, आरसी मात्र बदललीच नव्हती, आणि अपघात झाला. कोर्टानं भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर ठेवली. म्हणून विकणाऱ्यालाही नाव बदलण्याची घाई असली पाहिजे. त्याला घाई नसेल तर एकतर त्याला नियम माहीत नाही, किंवा गाडी त्याची नाहीच.

एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. गाडीवर ठोकलेला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. "कर्ज फिटलंय, नुसती नोंद काढायची राहिलीय" हे तोंडी चालत नाही. ई-चलन थकलंय का तेही बघा आणि व्यवहाराआधी भरून घ्या.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्यानुसार विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विम्याचंही विसरू नका. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करायला १४ दिवसांत विमा कंपनीकडं अर्ज करा. नाहीतर गाडी तुमची, पॉलिसी त्याची, आणि क्लेम कुणाचाच नाही.

मिरज, जत भागातल्यांना खास सूचना. सीमेपलीकडची केए पासिंग गाडी स्वस्त दिसते. पण ती महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स लागतो. तो आकडा आधी आरटीओत विचारा आणि मग किंमत ठरवा. दिल्ली पासिंगचंही तसंच. सीएनजीची गाडी असेल तर किट आरसीवर चढवलेलं आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का, बघा. आणि गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर तिची नोंदणी नूतनीकरणाला येणार, तो खर्च आणि फेऱ्या तुमच्या.

विसार देण्याआधी

आता क्रम लक्षात ठेवा. आधी फोनवर नंबर मागा आणि ॲपवर कागद बघा. मग सकाळी थंड गाडी बघा, घाटात चालवा, मिस्त्रीला दाखवा, सर्व्हिसची नोंद काढा. मग किमतीचं बोला. विसार सगळ्यात शेवटी, तोही बँकेतून, आणि कागदावर एक ओळ लिहून घ्या: "गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही, मीटर बदललेला नाही, बोजा नाही." खाली सही. ज्याची गाडी चांगली आहे तो हसत सही करतो.

"संध्याकाळी पुण्याची पार्टी येतीय, लगेच ठरवा" असं कुणी म्हणालं तर त्या पार्टीला शुभेच्छा द्या आणि निघा. सातारा-सांगलीत जुन्या गाड्यांची कमी नाही. एक गेली तर पुढच्या आठवड्यात दुसरी मिळते, वडिलांची एफडी तशी मिळत नाही.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी पुरातून वाचलेली गाडी असेल, ती विकायची असेल, तर लपवू नका. काय-काय बदललं त्याची बिलं पुढं ठेवा आणि किंमत तशी लावा. घेणारा कळून घेईल, आणि त्या गाडीत कुणाची तरी लेकरं बसणार आहेत हे तुमच्याही मनाला लागणार नाही.

एवढंच. गाडी बघायला जाणार असाल तर हा भाग सोबतच्या मित्राला आधी पाठवा. दोघांपैकी एकाचं तरी डोकं थंड राहिलं पाहिजे. भेटू पुढच्या भागात. तोवर हळू चालवा, बेल्ट लावा.